गर्टयान ऑस्कम चालला, पण व्हिडिओत अर्धीच गोष्ट आहे

मेंदूत चिप बसवली आणि पॅरालिसिस झालेला माणूस (हाच गर्टयान ऑस्कम) चालायला लागला, हा व्हिडिओ मला आत्तापर्यंत कितीतरी जणांनी पाठवलाय, कारण माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आंब्यावरून पडून पॅराप्लेजिक झाला (कमरेखाली लुळा पडला) हे सगळ्यांना माहितीये (कोकणात हे नवीन नाही, आंबा नाहीतर माड). पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण व्हिडिओखालच्या दोन ओळी वाचून घरच्यांना वाटतं की आता फक्त पैशाचा प्रश्न आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. कण्याला मार लागून मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, पण इजेच्या खालचा मज्जारज्जू बहुतेक वेळा जिवंत असतो. मेन लाईन तुटलीये पण घरातलं वायरिंग शाबूत आहे असं समजा. पाय उचलायचा, टेकवायचा, तोल सांभाळायचा, यातलं बरंचसं काम कमरेच्या भागातल्या या नसांच्या जाळ्यातच होतं. मग मज्जारज्जूच्या आवरणावर बारीक इलेक्ट्रोड ठेवून हलका करंट दिला तर हे झोपलेलं जाळं जागं होतं. हा करंट देणाऱ्या मशीनला स्टिम्युलेटर म्हणतात, आणि ती मुळात पाठदुखीसाठी वापरायचे बरं का!

अमेरिकेत लुईव्हिलला सुझन हार्केमा आणि त्यांच्या टीमने हे रॉब समर्सवर केलं. बेसबॉल खेळणारा मुलगा, 2006 मध्ये गाडीने उडवलं, छातीखाली काही हलत नव्हतं. 2009 मध्ये स्टिम्युलेटर बसवला आणि करंट चालू असताना तो स्वतःच्या पायांवर वजन घेऊन उभा राहिला, पायाची बोटं ठरवून हलवायला लागला, आणि 2011 मध्ये हे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. तोपर्यंत अशा पेशंटला आता काही होणार नाही, व्हीलचेअरची सवय करून घ्या, एवढंच सांगायचे, आणि आमच्याकडे तर अजूनही तेच सांगतात.

आता ऑस्कम. नेदरलँड्सचा माणूस, 2011 मध्ये चीनमध्ये सायकलचा अपघात झाला, मानेत इजा. स्वित्झर्लंडमध्ये लॉझानला ग्रेगॉर कुर्टीन आणि न्यूरोसर्जन जोसलिन ब्लॉक यांच्याकडे त्याला आधी फक्त कण्यातला स्टिम्युलेटर बसवला होता, त्याने तो थोडं चालायला लागला पण पुढे प्रगती थांबली, शिवाय त्याला वाटायचं की पाय मशीन हलवतंय, मी नाही. मग कवटीच्या हाडात दोन इम्प्लांट बसवले, प्रत्येकात मेंदूचे सिग्नल टिपणारे 64 इलेक्ट्रोड, मेंदूच्या आवरणावर टेकलेले, म्हणजे मेंदूच्या आत काही खुपसलेलं नाही. पाय उचलायचा असं मनात आलं की सिग्नल कॉम्प्युटरला, तिथून कण्यातल्या स्टिम्युलेटरला, आणि पाय उचलला जातो, तोही त्याला हवा तेव्हा. 2023 मध्ये हे नेचर या सायन्स जर्नलमध्ये आलं. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग व्हिडिओत नाहीचे: सराव करता करता मशीन बंद असतानाही तो कुबड्या घेऊन चालायला लागला. म्हणजे शाबूत राहिलेल्या नसा नव्याने कामाला लागल्या. पण त्याची इजा इनकम्प्लीट होती, थोडा धागा शिल्लक होता, आणि त्यामागे कित्येक महिन्यांचा रोजचा व्यायाम होता, हे सांगायला नको का? घरात काहीतरी रंगवायचं होतं, मदतीला कोणी नव्हतं, तर हा वॉकर घेऊन उभा राहिला आणि स्वतःच रंगवलं. दादाला चालण्याच्या क्लिपपेक्षा हे जास्त आवडलं.

कारण खरं सांगायचं तर चालणं ही बाहेरच्यांना दिसणारी गोष्ट. मान मोडलेल्याला विचारा, त्याला आधी हात हवे असतात, स्वतःच्या हाताने जेवता यावं. दादासारख्याला लघवीचा कंट्रोल हवा, कॅथेटर (लघवीची नळी) सुटावा, बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत. म्हणून 2024 चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो: ऑपरेशन नाही, मानेवर त्वचेला इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि सोबत हाताचा व्यायाम, 60 जणांपैकी 72 टक्क्यांना हाताच्या ताकदीत आणि कामात दोन्हीकडे फरक पडला, काहींची इजा तर तीसेक वर्षं जुनी होती! त्या मशीनला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एफडीएची (औषधं आणि मशीन तपासणारी तिथली सरकारी संस्था) मंजुरीही मिळाली.

आणि स्टेम सेलबद्दल, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. आम्हालाही पॅकेज सांगितलं गेलं होतं, इतकी इंजेक्शन्स, इतके लाख, आणि मामा बाग विकायला निघाला होता. जपानमध्ये केओ युनिव्हर्सिटीत स्टेम सेलवर खरं काम चालूये, पण ते मोजक्या पेशंटवर आणि प्रयोग म्हणूनच. आपल्या सरकारच्या आयसीएमआर या मेडिकल रिसर्च संस्थेच्या गाइडलाइन्सप्रमाणे मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल मंजूर ट्रायलबाहेर (पेशंटवरच्या प्रयोगाबाहेर) द्यायलाच परवानगी नाहीये, आणि ट्रायल असेल तर पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी सांगितलं की ट्रायल चालूये, तर सीटीआरआयचा (ट्रायलची सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि वेबसाइटवर स्वतः तपासा. नंबर देत नसतील तर तिथून उठा. तो पैसा चांगल्या फिजिओला, एअर बेडला, धड व्हीलचेअरला घाला, कारण ज्याचे सांधे आखडले आणि ज्याला जखमा झाल्या त्याला उद्या ही मशीन इथे आली तरी तिचा फायदा घेणं अवघड जाईल.