बीपी पडण्याआधी काय दिसतं

पोटात रक्तस्राव होत असेल तर नाडी आणि श्वास आधी वाढतात, बीपी बऱ्याचदा उशिरा पडतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली हे परीक्षेत बिनचूक लिहितात आणि वॉर्डात वरचं बीपी ११२ दिसलं की निश्चिंत होतात. ही चूक खऱ्या पेशंटच्या जिवावर सुधारू नये. म्हणून व्हायटल्स (नाडी, श्वास, बीपी वगैरे मोजणं) शिकवून झाले की असा प्रसंग नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये खोटा पेशंट उभा करून घ्यावाच. सरावाचा महागडा पुतळा लागत नाही.

पेशंट म्हणजे निफाडचे ५२ वर्षांचे काका, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला ४ तास झालेत. ही भूमिका तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला द्या. त्याने "घेरी आल्यासारखं होतंय, तहान लागलीय" असंच म्हणायचं. घरी अहिराणी बोलणारा मुलगा मिळाला तर फारच चांगलं, मालेगाव-सटाण्याकडचे पेशंट नाशिकच्या वॉर्डात तसंच बोलतात. पाण्यात खाण्याचा लाल रंग आणि थोडं ग्लिसरीन मिसळा. ड्रेसिंगवर बोटाएवढाच डाग ठेवा, उरलेलं कमरेखालच्या पॅडवर ओता आणि त्याखाली मॅकिन्टॉश (रबरी चादर) घाला. रक्त ओघळून पाठीखाली साचतं. वरून ड्रेसिंग कोरडं दिसलं की मुली तिथेच थांबतात, हात खाली घालून पाहत नाहीत.

नाडी-श्वास खरोखर मोजायला लावा, पूर्ण ६० सेकंद. श्वास १५ सेकंद मोजून ४ ने गुणला तर एका श्वासाची चूक ४ ची होते. मनगट धरूनच श्वास मोजायचा, पेशंटला कळलं की त्याची लय बदलते. शिक्षिकेने त्याच वेळी स्वतः मोजून आकडा ताडून पाहावा आणि मगच प्रसंगातल्या आकड्यांची चिठ्ठी द्यावी. बीपीचा कफ (दंडावरचा पट्टा) नीट बांधला नसेल तर बीपीची चिठ्ठी द्यायची नाही.

सुरुवातीला नाडी ८८, श्वास १८, बीपी ११८/७६. पाचव्या मिनिटाला १०८, २४, ११२/८२. नवव्या मिनिटाला १२४, २८, ९२/६४. खरा धडा मधल्या नोंदीत आहे: वरचं बीपी जेमतेम हललंय, पण वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर ४२ वरून ३० वर आलंय. इथे शिक्षिकेने गप्प राहायचं. हे फार जड जातं, आणि बहुतेक सिम्युलेशन (असा लुटुपुटीचा सराव) आपल्याच "अजून काही बघशील का?" मुळे वाया जातं.

डॉक्टरांना फोन हा प्रसंगाचाच भाग. "सर, पेशंट सिरीयस आहे" एवढं चालणार नाही. "सर, १२ नंबर बेडचे काका, ऑपरेशनला ४ तास झालेत, नाडी ८८ वरून १२४, बीपी ९२/६४, पाठीखाली रक्त आहे, तुम्ही आत्ता या" असं पूर्ण हवं.

प्रसंग १२ मिनिटांचा, चर्चा किमान २५ मिनिटांची. एक मुलगी नर्स, एक मदतनीस, एक नोंदी घेणारी. बाकीच्यांच्या हातात निरीक्षणाचा तक्ता द्या, नाहीतर त्या नुसत्या उभ्या राहतात. चर्चेत आधी "काय दिसलं?" आणि मग "तेव्हा मनात काय आलं?" विचारा. "का नाही पाहिलंस?" विचारलं की पोरगी मिटते, पेठ-सुरगाण्याहून आलेली आणि आधीच बुजलेली असेल तर जास्तच.

त्याच मुलीला आठवड्याभरात पुन्हा उभं करा, पण पेशंट बदला: बाळंतीण, पोटावर ड्रेसिंगच नाही, रक्त पॅडवर.