इतिवृत्तात आमचं तळं

नोटीस माझ्या नजरेला पडली तेव्हा हरकती द्यायच्या तीस दिवसांतले नऊ दिवस उलटून गेले होते. मी पंचायतीत घरपट्टी भरायला गेले होते. फलकावर लसीकरणाच्या कागदाशेजारी एक लांबलचक पान डकवलेलं होतं : लोहखनिजाच्या खाणीसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी. खाली गावांची नावं. आमचं गोव्यातलं मये त्यात होतं.

माझं घर मये तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पर्यटक तळं बघायला येतात, फोटो काढतात, जातात. आमचा संबंध वेगळा आहे. तळं भरलेलं असलं की उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी टिकतं, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांनी कुठलं भूजलशास्त्र वाचलं नव्हतं, पण सत्तर वर्षं त्याच विहिरीचं पाणी काढलं होतं.

डिचोली तालुक्याला खाण नवी नाही. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मग काही काळ सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा थांबलं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने खनिज ब्लॉकांचा लिलाव केला, त्यात शिरगाव-मये हे नावच एका ब्लॉकला होतं. शेजारच्या शिरगावात खाणींमुळे विहिरी आणि शेतं यांचं काय झालं, तो प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, म्हणून ती नोटीस वाचून माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी अहवाल बघायला गेले. नियम असा आहे की पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा आणि त्याचा स्थानिक भाषेतला सारांश पंचायतीत, जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा पंचायतीत आणि जिल्हा उद्योग केंद्रात कुणालाही वाचायला मिळायला हवा. हा नियम १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे. मी तिची प्रत छापून पर्समध्येच ठेवली होती आणि तिचा फार उपयोग झाला. एका कार्यालयात सांगितलं, साहेब नाहीत, उद्या या. मी परिच्छेद दाखवला. कपाटाची चावी लगेच सापडली.

अहवाल जाडजूड, इंग्रजीत. आमच्या स्वयंसाहाय्य गटातल्या दोघींच्या मुली कॉलेजात शिकतात, त्यांना घेऊन बसलो. चार संध्याकाळी गेल्या. पहिल्या दोन संध्याकाळी काहीच हाती लागलं नाही, सगळीकडे तक्ते आणि ‘परिणाम नगण्य’. तिसऱ्या संध्याकाळी एका मुलीने विचारलं, “काकी, ही मोजणी कुठल्या महिन्यांची?” बघितलं तर मार्च ते मे. खाणींच्या अहवालासाठी एका हंगामाची मोजणी पुरते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून धरतात.

म्हणजे आमच्या गावाचा पाऊसच त्या अहवालात नव्हता. उघड्या खाणीचा सगळा त्रास आमच्याकडे पावसात होतो. डंपावरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची, लाल माती ओहळाने खाली येते, शेतात बसते, तळ्यात बसते. आणि उन्हाळ्यात उलटा प्रकार. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की खनिज काढण्यासाठी पंप लावून पाणी उपसतात, आणि आजूबाजूच्या विहिरी त्या खड्ड्याकडे रित्या होत जातात. आमच्या डोंगरांत वरचा जांभा आणि खालचं भुसभुशीत खनिज मिळूनच पाणी धरून ठेवतात. खनिज काढणं म्हणजे पाण्याची टाकीच उचलून नेणं.

हे तोंडाने बोलून भागणार नव्हतं. मग आम्ही विहिरी मोजायला घेतल्या. सासूबाईंची जुनी काथ्याची दोरी काढली, तिला हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, प्रत्येक पाचव्या गाठीला लाल कापडाची चिंधी. टोकाला लोखंडी कडं. कडं पाण्याला लागलं की आवाज येतो, मग काठाला बोट धरायचं आणि ओली बाजू सोडून वरच्या गाठी मोजायच्या. अकरा घरच्या विहिरी, रोज सकाळी पहिली घागर काढायच्या आधी. वहीत तारीख, घर, गाठी. कॉलेजच्या मुलींनी नंतर ते मीटरमध्ये करून दिलं.

हरकतीच्या कागदावर सह्या गोळा करणं मात्र जड गेलं. माझ्या दिराचा टिप्पर, खनिज वाहायचा ट्रक, २०१२ पासून अंगणात उभा आहे, टायरांतून पिंपळ उगवलाय. त्याच्या कर्जापायी जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या. त्याच्यासमोर कागद धरण्याची माझी हिंमत झाली नाही. खाण सुरू झाली तर चार पैसे येतील ही त्याची आशा खोटी नव्हती, आणि गावातल्या अशा तीसेक घरांना शत्रू मानून कुठलीही मोहीम उभी राहू नये असं मला मनापासून वाटतं. आम्ही त्या घरांवर सहीसाठी दबाव टाकला नाही.

पण एका रात्री तोच आला. आमचा नकाशा जमिनीवर पसरलेला होता, ओहळ कुठून तळ्याकडे वळतो यावर वाद चालला होता. तो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “वयनी, त्या डंपाचेर माती हांवेंच ओतल्या. उदक खंयच्यान वता तें म्हाका विचार.” पाणी कुठून जातं ते त्यालाच ठाऊक होतं. आणि त्याने पेन्सिलीने रेघ ओढली. अहवालातल्या नकाशात हा ओहळ नव्हताच. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या रेघेवरून चालत गेलो, फोटो काढले. सही त्याने केली नाही, मीही मागितली नाही.

सुनावणीआधी लेखी हरकती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येतात. आम्ही दिल्या आणि प्रत्येक प्रतीवर पोच घेतली, शिक्का आणि तारीख. एकीची पोच राहिली होती, तिला पुन्हा पाठवलं. ती रागावली, पण पोचेशिवाय तुम्ही हरकत दिली हे सिद्ध कसं करणार?

सुनावणीच्या दिवशी मंडपात खूप आवाज होता. बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडून ओरडा. माझं नाव आलं तेव्हा माझे पाय लटपटत होते. मी दोरी सोबत नेली होती. ती टेबलावर ठेवली, वहीतले आकडे वाचले, नंतर एकच मागणी केली : पावसाळ्यातली मोजणी करा, ओहळ नकाशावर आणा, त्यानंतर पुढचं बोला. चित्रीकरण चालू होतं, ते नियमानेच बंधनकारक असतं.

भाषणं संपली तसे लोक उठले. इथे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचंय की उठू नका. शेवटी अध्यक्षस्थानी असलेले अधिकारी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवतात आणि त्याच दिवशी त्यावर सही करतात. मंजुरीचा विचार करणारी दिल्लीतली तज्ज्ञ समिती तुमचं भाषण ऐकत नाही, ती हा कागद वाचते. अंधार पडला होता, आम्ही वीसेक जणी बसून राहिलो. माझा मुद्दा वाचला गेला तो असा : “तळ्याबाबत ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली.”

मी उभी राहिले. चिंता नाही, मागणी आहे, म्हणाले. विहिरींची वही, ओहळाचा नकाशा आणि पावसाळी मोजणी हे तिन्ही शब्द त्यात यायला हवेत. थोडी कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि लेखनिकाला वाक्य बदलायला सांगितलं. बदललेलं वाक्य पुन्हा वाचून घेतलं तेव्हा शेजारच्या आजींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

पुढे इतिवृत्ताची प्रत पंचायतीत लागली. त्या मुद्द्यापुढे प्रकल्पवाल्यांचं उत्तर छापून आलं : पावसाळ्यातली पाहणी खाण सुरू झाल्यावर करण्यात येईल. आम्ही समितीला पत्र पाठवलंय, वहीची प्रत जोडून. मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपिलाला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. वकिलांशी बोलणं झालंय, कागद एका फायलीत लावून ठेवलेत.

दोरी विहिरीच्या रहाटालाच टांगलेली असते. आज सकाळी आमच्या विहिरीला चौदा गाठी भरल्या. मृगाचा पाऊस अजून लागायचाय. तो लागला की ओहळाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवायचं, तारीख घालून, हे आता ठरलंय. बाटल्या दीर आणून देणार आहे.