श्वेत बटू बघायचाय? व्याध सोडा, ४० इरिडॅनीकडे वळा

श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा म्हटलं की बहुतेक जण दुर्बीण व्याधाकडे वळवतात आणि हिरमुसतात. व्याधाचा जोडीदार असलेला श्वेत बटू ८.४ प्रतीचा आहे (प्रत हे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), म्हणजे तसा मंद नाही. पण त्याच्याहून सुमारे दहा हजार पट तेजस्वी ताऱ्याच्या कुशीत, जेमतेम ११ आर्कसेकंदांवर (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो बसला आहे. हवा जराशी थरथरली की तो त्या झगझगाटात बुडालाच. प्रश्वा (प्रोसियॉन) ताऱ्याचा जोडीदार तर याहूनही अवघड.

४० इरिडॅनी या तिहेरी ताऱ्यातला श्वेत बटू मात्र ८० मिलिमीटरच्या साध्या दुर्बिणीतूनही स्वच्छ दिसतो. त्याच दृश्यात त्याचा नारिंगी मुख्य तारा असतो आणि दुर्बीण थोडी मोठी असेल तर लाल बटूही (लहान, थंड, लालसर तारा) सापडतो. तीन तऱ्हेचे तारे, एकाच कुटुंबातले, फक्त १६.३ प्रकाशवर्षांवर. माझं स्पष्ट मत आहे की व्याधाच्या जोडीदारामागे लागण्याआधी प्रत्येक हौशी निरीक्षकाने हा बघावा.

शोधायला तो सोपा आहे. मृगातल्या राजन्य (रिगेल) ताऱ्यापासून जवळजवळ सरळ पश्चिमेकडे साडेचौदा अंश सरकायचं, म्हणजे हात लांब करून धरलेली सुमारे दीड मूठ. तिथे साध्या डोळ्यांना दोन तारे दिसतात, एकमेकांपासून अंशभराहून किंचित जास्त अंतरावर. वायव्येकडचा ओमिक्रॉन-१ हा ४.० प्रतीचा आणि आग्नेयेकडचा ओमिक्रॉन-२ हा ४.४ प्रतीचा. आपला तारा हा दुसरा. ४० इरिडॅनी हे त्याचंच क्रमांकाचं नाव. नेमकी गफलत इथेच होते. ओमिक्रॉन-१ जास्त तेजस्वी असल्यामुळे दुर्बीण आपसूक त्याच्यावर जाते आणि मग जोडीदार कुठेच सापडत नाही. रंग बघा: ओमिक्रॉन-१ पांढरा, आपला तारा नारिंगी. नावातल्या आकड्यांमुळे ते शेजारी वाटतात, पण ओमिक्रॉन-१ शंभराहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे. या दोघांचा काही संबंध नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपला तारा रात्री नऊच्या सुमारास मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो. आकाशातले त्याचे निर्देशांक: विषुवांश ४ तास १५ मिनिटं, क्रांती उणे ७ अंश ४० कला. खगोलीय विषुववृत्ताच्या इतका जवळ असल्याने तो दोन्ही गोलार्धांतून दिसतो.

आता प्रत्यक्ष दुर्बिणीतून. मुख्य ताऱ्याला ए म्हणू, श्वेत बटूला बी आणि लाल बटूला सी. बी ९.५ प्रतीचा असून एपासून सुमारे ८३ आर्कसेकंदांवर, पूर्वेला किंचित दक्षिणेकडे झुकलेला आहे. चाळीस-पन्नास पट वर्धन पुरतं. १५×७० ची द्विनेत्री तिकाटण्यावर घट्ट बसवली तर तिच्यातूनही तो टिपता येतो. हातात धरून मात्र नाही, कारण हातांच्या कंपनात एचा प्रकाश पसरतो आणि बी त्यात हरवतो.

दिशांचा गोंधळ होत असेल तर मागोवा घेणारी मोटर बंद करा आणि तारे दृश्यातून आपोआप सरकू द्या. ते सरकतात ती पश्चिम. ए काठाआड गेला की बी त्याच्यामागून सुमारे पाच-साडेपाच सेकंदांनी जातो. या युक्तीचे दोन फायदे आहेत. एक म्हणजे ओळख पक्की होते: इतक्या सेकंदांच्या अंतराने मागून येणारा तो ठिपका बीच. दुसरा फायदा जास्त मोलाचा. त्या पाच सेकंदांत ए दृश्याबाहेर असतो, त्यामुळे त्याचा झगझगाट नाहीसा होतो आणि बी एकटा, टोकदार, थंड पांढरा दिसतो. सी बघण्यासाठीही हेच क्षण सर्वांत चांगले.

सी ११.२ प्रतीचा आहे आणि बीपासून साधारण ८ आर्कसेकंदांवर आहे. आठ आर्कसेकंदांची जोडी फोडणं लहान दुर्बिणीलाही जड नाही. अडतं ते मंदपणापाशी. सी हा बीच्या जवळपास पाचपट मंद आहे. काळोख्या आकाशाखाली १०० मिलिमीटरमधून तो कसाबसा जाणवतो, १५० मिलिमीटरमधून निवांत बघता येतो. वर्धन १२० ते १५० पट ठेवा, म्हणजे पार्श्वभूमी काळी होते आणि दोघांत पुरेशी फट पडते. नजर थेट सीवर न रोखता थोडी बाजूला ठेवा. कमी वर्धनाने बघणाऱ्यांना बी आणि सी मिळून एकच ठिपका दिसतो आणि ‘सी दिसत नाही’ अशी नोंद होते. आरशाच्या दुर्बिणीचं समायोजन (आरसे नेमके एका रेषेत असणं) बिघडलेलं असेल तर प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटते आणि सी नेमका त्या शेपटीत लपतो. आयपीसवर दव धरलं तरी परिणाम तोच: एभोवती धूसर वलय येतं आणि मंद तारे आधी गायब होतात. सीचा तांबडा रंग दिसेल अशी आशा मात्र धरू नका. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाही. तो कॅमेऱ्यातच दिसतो. सी हा भडकणारा ताराही आहे, त्यामुळे अधूनमधून तो काही काळ नेहमीपेक्षा उजळ होऊ शकतो.

या पांढऱ्या ठिपक्याला खगोलशास्त्रात मोठं स्थान आहे. विल्यम हर्शेलने ही जोडी ३१ जानेवारी १७८३ ला नोंदवली, पण खरा धक्का १९१० मध्ये बसला. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेलला वाटत होतं की मंद तारे सगळे लालच असणार. त्याने हार्वर्ड वेधशाळेच्या एडवर्ड पिकरिंगकडे बीच्या वर्णपटाची चौकशी केली आणि तिथल्याच विलियमिना फ्लेमिंगकडून उत्तर आलं की वर्णपट ‘ए’ वर्गाचा (हे वर्णपटाच्या वर्गाचं नाव, आपल्या ए ताऱ्याचं नव्हे), म्हणजे तप्त पांढऱ्या ताऱ्याचा आहे. तप्त आहे, जवळ आहे आणि तरीही मंद आहे, याचा अर्थ एकच: आकार अतिशय लहान. श्वेत बटू म्हणून लक्षात आलेला हा पहिला तारा. व्याधाच्या जोडीदाराचा वर्णपट मिळाला तो यानंतर.

त्याचे आकडे आज चांगले ठाऊक आहेत. पृष्ठभागाचं तापमान सुमारे १७,००० केल्विन, वस्तुमान सूर्याच्या ०.५७ पट, व्यास मात्र पृथ्वीच्या जेमतेम १.४ पट. या आकड्यांवरून सरासरी घनता काढली तर एका घन सेंटिमीटरमध्ये साडेतीनशे किलोहून जास्त वस्तुमान भरतं.

वस्तुमान कसं कळलं, हे घरबसल्या पडताळता येतं आणि जरूर पडताळून बघावं. बी आणि सी एकमेकांभोवती सुमारे २३० वर्षांत फिरतात. त्यांच्या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा अर्धा भाग) ६.९३ आर्कसेकंद आहे आणि आपल्यापासूनचं अंतर ५.०१ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). दोन्हींचा गुणाकार केला की ३४.७ खगोलीय एककं (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) मिळतात. केप्लरच्या नियमाप्रमाणे त्याचा घन करा: सुमारे ४१,८००. त्याला २३० च्या वर्गाने, म्हणजे ५२,९०० ने भागा. उत्तर ०.७९, हे दोघांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या पटीत. बीचे ०.५७ आणि सीचे ०.२० मिळवले की ०.७७ होतात; हिशोब जुळतो. कक्षा बरीच लांबट आहे, त्यामुळे दोघांमधलं अंतर साधारण २० ते ५० एककांच्या दरम्यान बदलतं. ही जोडी एपासून मात्र चारशेहून जास्त एककं दूर आहे आणि ती फेरी पुरी व्हायला हजारो वर्षं लागतात.

सापेक्षतावादाच्या दृष्टीनेही ही जोडी कामाची. श्वेत बटूच्या तीव्र गुरुत्वाकर्षणातून निघताना प्रकाश थोडा लालीकडे सरकतो. पण तारा आपल्यापासून दूर जात असेल तरी प्रकाश तसाच सरकतो. मग दोन्ही परिणाम वेगळे कसे करायचे? एकट्या श्वेत बटूच्या बाबतीत हे कठीण जातं. इथे सोबत्यांच्या वर्णपटातून संपूर्ण कुटुंबाचा वेग कळतो, कक्षेतला वेग हिशोबाने काढता येतो, आणि ते वजा केल्यावर उरतं ते गुरुत्वाकर्षणाचं: वेगाच्या भाषेत सांगायचं तर सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर. डॅनियल पॉपरने १९५४ मध्ये असं मापन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याला सुमारे २१ किलोमीटर मिळाले होते.

ए आज सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत वजनदार आहे, पण एकेकाळी तो मान बीचा होता. बीचं मूळ वस्तुमान सूर्याच्या जवळपास दुप्पट असावं. जास्त वस्तुमानाचा तारा इंधन लवकर संपवतो. बी फुगून महाकाय झाला, बाहेरचे थर त्याने झुगारून दिले आणि गाभा उरला. वस्तुमान हळूहळू घटलं की कक्षा त्याच प्रमाणात रुंदावते. त्या ढोबळ हिशोबाने बी आणि सी तेव्हा एकमेकांपासून सरासरी बारा-तेरा एककांवर असले पाहिजेत.

एभोवती ग्रह आहे, असं अजूनही ठिकठिकाणी वाचायला मिळतं. २०१८ मध्ये ४२ दिवसांच्या कक्षेतला ग्रह जाहीर झाला होता खरा. पण ए स्वतःभोवती फिरायलाही साधारण तेवढेच दिवस घेतो, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर मापनांतून तो संकेत ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या हालचालींचा असल्याचं दिसलं. तेव्हा तो ग्रह यादीतून खोडलेलाच बरा.

कॅमेरा असेल तर या ताऱ्याची निजगती (मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत आकाशात सरकणं) स्वतः मोजता येते: वर्षाला ४.१ आर्कसेकंद, नैर्ऋत्येकडे. दर पिक्सेलला एक आर्कसेकंद पडेल अशी मांडणी असेल तर वर्षभरात चार पिक्सेलचा फरक पडतो आणि तो ठळक दिसतो. छायाचित्रं दरवर्षी त्याच महिन्यात घ्या. नाहीतर पराशयामुळे (पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने बघण्याची जागा बदलते, त्यामुळे) तारा वर्षभरात ०.२ आर्कसेकंदांपर्यंत इकडेतिकडे सरकतो आणि मापनात तेवढी चूक शिरते. दोन संच वेगळे घ्या: एसाठी अगदी अल्पकाळाची छायाचित्रं, आणि बी, सी व मागच्या ताऱ्यांसाठी काही सेकंदांची. दुसऱ्या संचात ए जळून पांढरा गोळा होतो, तिथे त्याचा मध्य मोजू नका. बीचा मोजा, तो त्याच कुटुंबाबरोबर सरकतो. संदर्भ म्हणून दृश्यातले किमान पाच-सहा मंद तारे घ्या, कारण एकाच ताऱ्यावर विसंबलं आणि त्याचीच निजगती जास्त निघाली तर सगळं मापन वाया जातं.