तलंगा अंड्यावर आल्या!

गोराई गावठाणातल्या आमच्या परसात आज तलंगांचं, म्हणजे तरुण कोंबड्यांचं, पहिलं अंडं! खुराड्यात मऊ गवत अंथरलेलं सोडून बाईसाहेब बसल्या त्या जुन्या घमेल्यात. अंडं एवढंसं, लिंबाहून जरा मोठं. पहिली अंडी लहानच येतात, कधी तर बलकाशिवायही.

तुरा लालभडक झाला, हात लावला की अंग चोरून खाली बसायला लागल्या, तेव्हाच आई म्हणाली होती, “आता घालणार.” गावठी कोंबडी साधारण ५-६ महिन्यांची झाली की अंड्यावर येते. कवच पक्कं व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवलाय.

सकाळपासून जो तो विचारतोय, “कोंबडा नाही, मग अंडं कसं?” अहो, अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लांना लागतो!

ऑम्लेट इवलंसं, वाटेकरी अख्खं घर. बाबांनी निम्म्याहून जास्त लाटलं, हे मुद्दाम इथे लिहून ठेवतेय.