वाचनवही : चैत्र ते आषाढ

पाडव्याला ठरवलेला बेत असा : चार पुस्तकं एकदम चालू, पण चारही वेगळ्या चालीची. सकाळी 'ज्ञानेश्वरी', संध्याकाळी जुनं गद्य, महिन्यातून एकदा दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' आणि सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत संपेल अशी कादंबरी. एकाच चालीची दोन पुस्तकं जोडीने लावू नयेत, आठवड्याभरात एक दुसऱ्याला गिळतं. 'स्मृतिचित्रे' आणि 'माझा प्रवास' एकत्र लावल्यावर तेच झालं. दोन्ही आठवणी, दोन्हींत प्रवास आणि माणसांची गर्दी. 'स्मृतिचित्रे' पुढच्या तिमाहीत ढकललं आहे.

ज्ञानेश्वरी. 9,033 ओव्या, रोज 25 धरल्या तर 362 दिवस. आषाढ अमावास्येला दोन दिवसांचा खाडा धरून 2,900 झाल्या, म्हणजे दहाव्या अध्यायाची 56वी ओवी. (प्रतीप्रतींत ओव्यांचे आकडे थोडे पुढेमागे होतात. एकच प्रत धरावी.) अध्यायांवर हिशेब ठेवू नये. पाचव्यात 180 ओव्या आहेत, अठराव्यात 1,800 च्या वर. 'आठवड्याला एक अध्याय' असा नेम धरला की नवव्यापर्यंत कसाबसा टिकतो आणि तेराव्यात मोडतो.

सार्थ प्रतीची खोड ही की डोळा ओवी सोडून थेट खालच्या अर्थावर उतरतो. पोस्टकार्डाएवढी जाड पट्टी अर्थावर ठेवायची, ओवी दोनदा मोठ्याने म्हणायची, मगच पट्टी सरकवायची. 25 ओव्यांना सुरुवातीला 50 मिनिटं लागत होती, आता 30 ते 35. वेळ वाचला तो थोड्याच शब्दांमुळे : आघवें म्हणजे सगळं, येर म्हणजे दुसरा, तंव म्हणजे तेव्हा. आणि 'कां'. हा प्रश्नार्थक समजला की अर्थाचा विचका होतो. दृष्टान्तांच्या माळेत तो बहुतेकदा 'किंवा' असतो. पाच-सहा ओव्या नुसते 'जैसा' आणि 'कां' चालले असतील तर आधी पुढचा 'तैसा' शोधावा, मूळ विधान तिथे असतं. तिथून मागे येऊन दृष्टान्त वाचले की गुंता राहत नाही.

स्वस्त प्रतींत अनुस्वार गाळलेले असतात. हे नुसतं शुद्धलेखनाचं प्रकरण नाही. 'कौतुकें' म्हणजे कौतुकाने, 'घरीं' म्हणजे घरात; टिंब गेलं की विभक्ती गेली. प्रत विकत घेण्याआधी कुठलंही एक पान उघडून एवढं तपासावं.

माझा प्रवास. विष्णुभट गोडसे कोकणातल्या वरसईहून निघाले ते मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, आणि सापडले 1857 च्या धामधुमीत. वहीत 'आवृत्तीचं साल' हा रकाना याच पुस्तकामुळे आला. चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापलं ते काटछाट आणि भाषेची सफाई करून. दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ हस्तलिखितावरून दिलं ते खरं गोडसे भटजींचं बोलणं. पहिल्यांदाच वाचणार असाल तरीही पोतदारांचीच प्रत घ्या. वैद्यांची गुळगुळीत आहे, पण तिच्यात भटजी हरवतात. तासाला 12 ते 15 पानं, त्याहून वेगाने गेलं की माणसं एकमेकांत मिसळतात. शेजारी नकाशा ठेवून महू, ग्वाल्हेर, झांशी, काल्पी एवढ्या खुणा केल्या तरी पुरे. तारखांवर मात्र विसंबू नये, लिहिणं झालंय ते पंचवीसेक वर्षांनी, आठवणीवर.

शब्द अडला तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही शब्दकोश संगणकावर शोधता येतात. सापडला नाही तर शेवटचा अनुस्वार लावून बघा : 'करणे' नव्हे, 'करणें'. निम्म्या वेळा अडचण एवढीच असते.

ऋतुचक्र. महिन्याला एकच लेख, त्या-त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. सलग वाचलं तर तिसऱ्या लेखापासून फुलांची नावं नुसती नावं उरतात. दुर्गाबाईंनी चैत्रातली म्हणून सांगितलेली पालवी त्याच महिन्यात रस्त्यावर बघता येते, आणि या पुस्तकाची खरी टीप-पुरवणी तीच. अधिक मास आला तर मागचाच लेख पुन्हा वाचावा.

रणांगण. विश्राम बेडेकरांची ही 1939 ची कादंबरी रोज दहा पानं करून वाचू नका. बोटीवरचे मोजके दिवस आहेत, तुटक वाचलं की तो कोंडलेपणा निघून जातो. दुपारी सुरू करून रात्री संपवली. बारीक आकार पाहून 'हलकं काहीतरी' म्हणून प्रवासाला नेणाऱ्यांची मात्र फसगत होते.

पावसाळ्याची नोंद : पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नयेत, आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते. कपाटात भिंतीपासून चार बोटं जागा सोडावी. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला, नाहीतर तोच ओल आणतो. पिवळ्या पडलेल्या जुन्या कागदावर चिकट खुणा लावू नयेत, काढताना अक्षरासकट पापुद्रा येतो. साध्या कागदाच्या पट्ट्या बऱ्या. डिंकाने चिकटवलेली बांधणी असेल तर पुस्तक पालथं ठेवणं बंद, पानं मधूनच सुटतात.

पुढचा हिशेब. याच गतीने भाद्रपदाच्या वद्य पक्षात तेरावा अध्याय लागेल. त्यात 1,170 ओव्या, म्हणजे 47 दिवस, आणि नेमके त्याच काळात दिवाळी अंक येतात. अंकांना संध्याकाळची वेळ दिली आहे. जुनं गद्य तेवढे दिवस बंद, सकाळला हात लावायचा नाही.