सासूबाई आणि समरकंद

उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन बाजूंना तीन मदरसे आहेत. उलुगबेगाचा सर्वांत जुना, १४२० सालचा. शेरदोर आणि तिल्याकोरी सतराव्या शतकातले. सासऱ्यांनी हे सगळं घोटून पाठ केलं होतं. ऐकायला मात्र कुणी नव्हतं, कारण निम्मा चौक आमच्या सासूबाईंकडे बघत होता.

मी आणि नवरा जीन्स, गॉगल, पाठीला सॅक. आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आई नऊवारीत, कपाळावर ठसठशीत कुंकू. (पायात गुडघ्यांसाठी स्पोर्ट्स शूज. त्यांना कुणी हरकत घेतली नाही.) "हिंदिस्तोन?" एकीनं विचारलं, आईंनी मान डोलावली आणि फोटोसाठी रांगच लागली.

सोव्हिएत काळात इथे हिंदी सिनेमे धो धो चालले. म्हाताऱ्यांना राज कपूर घरचा वाटतो, त्यांच्या मुलांना मिथुन, नातवंडांना शाहरुख. एका आजोबांनी छातीवर हात ठेवून लवून अभिवादन केलं आणि राज कपूरचं गाणं धरलं, शब्द निम्मे, सूर पक्का.

बायकांना गाण्यात रस नव्हता. सोन्याचे दात चमकवत एक आजी पदराचा काठ बोटांत चुरून बघायला लागल्या. आईंनीही मग त्यांच्या रंगीबेरंगी रेशमी झग्याची बाही धरली. "अगं, हे तर आपलं पोचमपल्लीच!" खरंच होतं ते, इकतच. मग पर्समधून टिकल्यांचं पाकीट निघालं आणि आजींच्या नातीच्या कपाळावर एक लागली.

परदेशात लोक बघतातच. युरोपातल्या एका विमानतळावरही आमच्याकडे बघत होते, पण त्या नजरेत "जरा हळू बोला" असं होतं. आपणही मग निमूटपणे आवाज उतरवतो, दशम्यांचा डबा सॅकेत खाली सरकवतो. मला ते अजून खटकतं. इथे आई खणखणीत मराठीत हुकूम सोडत होत्या, "उंच माणसं मागं, ए बाळा, तू पुढं ये," आणि अख्खं उझबेक कुटुंब मुकाट्यानं जागा बदलत होतं. सासरे परक्यांचे मोबाइल धरून उभे.

दुसऱ्या दिवशी सियोब बाजारात जायचं होतं. सासरे दारात ताटकळले. "अजून किती वेळ?"

"अहो, थांबा की जरा. निऱ्या नीट नकोत का यायला?"