डिस्को नाताळची रेकॉर्ड आणि कस्टम्सची खिडकी : माझा अनुभव

वापरलेली ध्वनिमुद्रिका परदेशातून मागवणे मुळीच अवघड नाही, असे जाणकार सांगतात, आणि ते बहुतांशी खरेही आहे. मात्र टपालाने आलेल्या पार्सलांवर कर आकारणारी जी एक कचेरी, म्हणजे कस्टम्स किंवा सीमाशुल्काची, वाटेत लागते तिचा उल्लेख कोणी करत नाही. तिथे गेलेल्या वेळेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

रेकॉर्ड होती साल्सोल ऑर्केस्ट्रा या अमेरिकन डिस्को वाद्यवृंदाची १९७६ सालची ‘ख्रिसमस जॉलीज’. आम्हा वसईकरांच्या नाताळात डिस्को काही परका नाही. बोनी एम या डिस्को गटाचे १९७८ सालचे ‘मेरीज बॉय चाइल्ड’ ध्वनिक्षेपकावर लागले नाही असा डिसेंबर मला आठवत नाही. परंतु त्याच्या दोन वर्षे आधी फिलाडेल्फियात याच रेकॉर्डसाठी व्हिन्सेंट मोंटाना या व्हायब्राफोनवादकाने (व्हायब्राफोन म्हणजे काठ्यांनी वाजवायचे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) नाताळची जुनी गाणी व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्ये आणि न थांबणारा ड्रमचा ठेका यांत बसवली होती, हे मला बरेच उशिरा कळले. त्यातील नाताळगीतांची मालिका दहा मिनिटांहून अधिक काळ एकाच ठेक्यावर चालते. एक गाणे संपून दुसरे कधी सुरू झाले हे नाचणाऱ्याच्या पायांना कळूही नये, अशी तिची बांधणी आहे. नाताळच्या संमेलनात ती मूळ रेकॉर्डवरूनच वाजवायची असे मी ठरवले होते.

रेकॉर्ड निवडणे, पैसे भरणे आणि विक्रेत्याने ती रवाना करणे यांत सांगण्यासारखे काही घडले नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे की विक्रेते रेकॉर्डची आणि कव्हरची प्रतवारी स्वतंत्रपणे देतात. कव्हर फाटके असूनही आतली रेकॉर्ड उत्तम असू शकते आणि याच्या उलटही घडते. माझी प्रत ‘व्हीजी प्लस’ होती, म्हणजे वापरलेली, किरकोळ ओरखडे असलेली, पण ऐकताना त्रास न देणारी. ही प्रतवारी पुढे किती कामाला येणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

भारतात पोहोचल्यावर पार्सलची माहिती संकेतस्थळावर ‘सीमाशुल्काकडे सादर’ या शब्दांवर जी थांबली ती थांबलीच. बऱ्याच प्रतीक्षेनंतर एक पत्र आले. त्यात ओळखपत्र, खरेदीची पावती, पैसे भरल्याचा पुरावा आणि वस्तू स्वतःच्या वापरासाठी असल्याचे निवेदन मागितले होते. हे सर्व मी टपालाने पाठवले. त्यानंतर पुन्हा शांतता, आणि मग पहिल्या पत्राची अक्षरशः नक्कल असलेले दुसरे पत्र! तेव्हा मात्र मी स्वतः कचेरीत गेले.

खिडकीवरच्या गृहस्थांनी सौजन्याने बसायला सांगितले, आणि माझे कागद ‘वर’ असल्याचेही सांगितले. वर गेले तर ते कागद खाली पाठवल्याचे कळले. या वर-खालीतून अखेरीस ज्या टेबलापाशी पोहोचले, तिथे खरी अडचण समजली. कागद पूर्ण होते; अधिकाऱ्यांना मी सांगितलेली रेकॉर्डची किंमतच मान्य नव्हती. त्यांनी रेकॉर्डचे नाव मोबाइलवर शोधले होते आणि कारखान्यातील वेष्टनही न उघडलेल्या एका प्रतीसाठी कोणीतरी मागितलेली किंमत त्यांना सापडली होती. ती मी भरलेल्या रकमेच्या कितीतरी पट होती. “मॅडम, एवढी महाग वस्तू इतक्या स्वस्तात कोण देईल?” असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर मला खोटे ठरवण्याचा हेतू नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. त्यांना फक्त वापरलेली रेकॉर्ड आणि न उघडलेली रेकॉर्ड यांतला फरक ठाऊक नव्हता. जुन्या वस्तूंच्या बाजारात मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फार मोठे अंतर असते, हे मी परोपरीने सांगितले. ते ऐकून घेत आणि पुन्हा मोबाइलकडे पाहत. दरम्यान शेजारच्या टेबलावरून “डिस्को आणि नाताळ एकत्र कसे?” अशी पृच्छा झाली. एरवी मी या विषयावर तासभर बोलले असते, पण त्या क्षणी मला फक्त माझे पार्सल हवे होते.

सहनशक्तीची कसोटी मात्र पुढेच होती. निर्णय वरिष्ठांनी घ्यायचा होता, वरिष्ठ बैठकीत होते, आणि बैठक संपल्यावर ते निघून गेले होते. पुढच्या खेपेला मी विक्रेत्याच्या मूळ जाहिरातीची छापील प्रत नेली. तिच्यात प्रतवारी होती, कव्हरच्या उसवलेल्या कडेचे छायाचित्र होते आणि किंमतही होती. सोबत बँकेचा उतारा होता, ज्यात तीच रक्कम तेवढ्याच डॉलरांत दिसत होती. वरिष्ठांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, पार्सल उघडून कव्हरची कड पाहिली, आणि ज्यासाठी माझा इतका काळ गेला होता तो मूल्याचा आकडा काही मिनिटांत दुरुस्त करून दिला. आनंदाहून मला संतापच अधिक झाला, हे मान्य करते; जे कागद कामी आले ते पहिल्याच पत्रात मागितले असते तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. अखेर पार्सल घरी आले तेव्हा कर पोस्टमनकडे भरला आणि पावती जपून ठेवली.

कराचा हिशोब करताना हे ध्यानात असू द्यावे की आयात मूल्यात वस्तूच्या किमतीबरोबर टपालखर्चही धरला जातो, आणि डॉलरचा दर बँकेचा नसून कस्टम्सने जाहीर केलेला असतो. म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन रेकॉर्ड एकत्र मागवणे परवडते. काही विक्रेते आपुलकीने पार्सलवर ‘भेट’ असे लिहू पाहतात; त्यांना नम्रपणे नकार द्यावा. डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंना करमाफी नाही, आणि पैसे भरल्याचा पुरावा समोर असताना ‘भेट’ हा शब्द उलट संशय वाढवतो.

आधीच सांगायला हवी होती अशी आणखी एक गोष्ट आहे. पाठवताना रेकॉर्ड कव्हरबाहेर काढून, आतल्या कागदी पाकिटासह कव्हरच्या मागे ठेवायला विक्रेत्याला सांगावे, म्हणजे वाटेतील आदळआपटीत रेकॉर्डची धार कव्हर आतून फाडत नाही. माझ्या कव्हरची कड आधीच उसवली होती, तरी ती आणखी उसवली नाही, हे या काळजीमुळेच. तसेच लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र विक्रेत्याकडून आधीच मागवावे. प्रत मूळ आहे की पुनर्मुद्रित, हे त्यावरून पडताळता येते, आणि मूल्याचा वाद झालाच तर तोही एक पुरावा ठरतो. घरी आल्यावर रेकॉर्ड उभी ठेवावी. पार्सल कस्टम्सच्या गोदामात इतर खोक्यांखाली आडवे पडून होते तेव्हा ती वाकडी होईल या धास्तीने मला नीट झोप लागत नव्हती. सुदैवाने ती सपाट राहिली, आणि संमेलनात ती मालिका सुरू झाल्यावर चर्चच्या सभागृहातील ज्येष्ठ मंडळीही खुर्च्या सोडून उठली, याचा मला अभिमान आहे.

याच रेकॉर्डचा १९८१ सालचा दुसरा भाग आता मागवला आहे. या वेळी जाहिरातीची छापील प्रत, बँकेचा उतारा आणि छायाचित्रे पार्सल अमेरिकेतून निघण्याआधीच एका फाइलीत लावून ठेवली आहेत.